गणिताला पुन्हा हात घालताना: संख्यांपासून कलनापर्यंतची वाट

दहावीला मिटलेली गणिताची वही पुन्हा उघडू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. कुणाला सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचं असतं, कुणाला पाचवी-सहावीतल्या मुलाचा अभ्यास घ्यायचा असतो, कुणाला नुसतीच हौस असते. गोव्यात यात एक जास्तीची अडचण येते. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम, ही आपल्यापैकी कित्येकांची वाट. बेरीज-वजाबाकी मराठीत पक्की झालेली असते, पण समीकरणं, कोन, घातांक हे सगळं नव्या भाषेत येतं आणि कळण्याआधी पाठ होतं. दहावीत मार्क मिळून जातात. पुढे आपल्याच मुलाने ‘ऋण गुणिले ऋण धन का होतं?’ असं विचारलं, की तोंडून एवढंच निघतं: नियमच आहे तसा.

माझा सल्ला असा की सूत्रं गोळा करत बसू नका. गणित जिथे अडलं, तिथे स्वतः जाऊन उभे राहा. वजाबाकी अडली म्हणून ऋण संख्या आल्या, भागाकार अडला म्हणून अपूर्णांक आले, चौरसाचा कर्ण अपूर्णांकांतही मावेना म्हणून अपरिमेय संख्या आल्या. ती अडचण हाताने एकदा सोडवली की व्याख्या घोकावी लागत नाही.

एक चौकटीची वही, पेन्सिल, पट्टी आणि मोजपट्टी एवढं सामान पुरे. कॅल्क्युलेटर फक्त उत्तर तपासायला. रोज अर्धा तास बसा. रविवारी चार तास बसण्यापेक्षा ते कितीतरी जास्त कामाला येतं.

पहिली पायरी: स्थानिक किंमत

ही पायरी ‘येतंच की’ म्हणून बहुतेक जण सोडतात आणि पुढे दशांश चिन्हापाशी अडखळतात. ३,७०२ ही संख्या घ्या. गोव्याचं क्षेत्रफळ इतके चौरस किलोमीटर आहे. यातला ७ हा सातशे आहे, कारण तो शतकस्थानी बसला आहे. आणि शून्य तिथे आहे म्हणून ७ शतकस्थानी राहू शकला. दहा चिन्हांत कितीही मोठी संख्या लिहिता येते ती या जागांमुळे.

आता याच संख्येवर हात चालवा. अंक उतरत्या क्रमाने मांडा: ७३२०. चढत्या क्रमाने मांडा: ०२३७. वजा करा: ७०८३. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७, उत्तर परत ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच पोचाल. हे शोधलं देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी. हातच्याच्या वजाबाकीचा सराव करायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. मुलांना दहा गणितं घाला म्हटलं तर ती कुरकुरतात, हे मात्र आपणहून करत बसतात.

जागांची किंमत दहाच्या पटीतच वाढली पाहिजे असं नाही. पोर्तुगीज काळात गोव्यात एका रुपियाचे १६ टांगे आणि एका टांग्याचे ६० रेइस होते. म्हणजे ३ रुपिये ७ टांगे ४५ रेइस यांत २ रुपिये ११ टांगे ३० रेइस मिळवायचे तर असं: ४५ आणि ३० मिळून ७५, त्यातल्या ६० चा एक टांगा हातचा, उरले १५ रेइस. ७, ११ आणि हातचा १ मिळून १९ टांगे, त्यातल्या १६ चा एक रुपिया हातचा, उरले ३. उत्तर ६ रुपिये ३ टांगे १५ रेइस. दुकानदार ही बेरीज तोंडी करत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शंभर सेंताव्हांचा एस्कुदो आला, आणि मुक्तीनंतर शंभर पैशांचा भारतीय रुपया. त्या रुपयाचेही १९५७ पर्यंत सोळा आणेच होते. तास-मिनिटांची बेरीज करताना आजही आपण साठाचा हातचा घेतोच.

हे समजलं की संगणकाची द्विमान पद्धत अवघड वाटत नाही. तिथे जागांच्या किमती १, २, ४, ८, १६ अशा दुपटीने वाढतात आणि चिन्हं दोनच, ० आणि १. १३ लिहायचे तर दोनने भागत जा आणि बाक्या मांडा: १३ ला भागून ६, बाकी १, ६ चे ३, बाकी ०, ३ चा १, बाकी १, १ चा ०, बाकी १. बाक्या खालून वर वाचा: ११०१. पडताळा: ८ + ४ + ० + १ = १३. षोडशमान पद्धतीत पाया १६. मोबाइलवर तुम्ही ‘अ’ टाइप करता तेव्हा युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक षोडशमानात ०९०५ असतो. दशमानात तो ९ × २५६ + ५ म्हणजे २३०९.

जमिनीचे जुने कागद हाताळणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. पोर्तुगीज लिहिण्याच्या रीतीत स्वल्पविराम दशांश दाखवतो आणि टिंब हजार वेगळे करतं. तिथे १.२५० चा अर्थ सव्वा नसून एक हजार दोनशे पन्नास असतो. भूखंडाचं क्षेत्रफळ वाचताना हा फरक किती महागात पडेल ते सांगायला नको.

दुसरी पायरी: संख्यांची कुळं

१, २, ३… या नैसर्गिक संख्या. त्यांत शून्य मिळवलं की पूर्ण संख्या. यांच्यात बेरीज आणि गुणाकार कधीच अडत नाहीत. ५ − ८ मात्र अडतं. खिशात पाच रुपये आणि देणं आठ असेल तर तीन रुपयांचं कर्ज उरतं. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम मांडले ते असेच, मालमत्ता आणि कर्ज म्हणून. आपल्याकडची खाडीकाठची सखल खाजन शेतं आठवा. भरतीची पातळी शून्य धरली तर ती शेतं शून्याच्या खाली, ऋण उंचीवर आहेत. म्हणूनच त्यांना बांध घालावा लागतो. ऋण संख्या, शून्य आणि धन संख्या मिळून पूर्णांक.

आता तो अडलेला प्रश्न. (−३) × (−४) किती? आपल्याला एवढंच मान्य आहे की कोणत्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्य, आणि कंस सोडवण्याचा नेहमीचा नियम ऋण संख्यांनाही लागू राहावा. ४ + (−४) हे शून्य. म्हणून (−३) × [४ + (−४)] हेही शून्य. कंस सोडवा: (−३) × ४ म्हणजे −१२, अधिक (−३) × (−४). दोन्हींची बेरीज शून्य यायची तर दुसरं पद +१२ असल्यावाचून गत्यंतर नाही. हे एवढं वहीत तीनदा लिहा, वेगवेगळे अंक घेऊन. मग मुलाला सांगा.

शून्याने भागायचं का नाही, तेही याच रीतीने पाहा. ६ ÷ ० चं काही उत्तर असतं तर त्या उत्तराला शून्याने गुणून ६ यायला हवेत. तसं कधीच होत नाही. ० ÷ ० ला उलटी अडचण: कोणतीही संख्या चालेल. दोन्हीकडे नेमकं उत्तर नाही, म्हणून ही क्रिया आपण करतच नाही.

पूर्णांकांत भागाकार अडतो. ३ भाकऱ्या ४ जणांत वाटायच्या तर ३/४ लागतो. छेद शून्य नसलेल्या अशा सगळ्या संख्या परिमेय. इथे १ ला ७ ने हाताने भागून बघाच. ०.१४२८५७१४२८५७… असे सहा अंक फिरून फिरून येतात. का? सातने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच उरू शकते. सहा बाक्या संपल्या की आधीची एखादी बाकी परत येणारच, आणि ती आली की पुढचं सगळं पुन्हा तसंच. यावरून प्रत्येक परिमेय संख्येचं दशांश रूप संपतं किंवा आवर्ती असतं, हा नियम तुमचा तुम्हालाच मिळाला.

मग न संपणारी आणि आवर्तीही नसलेली दशांश संख्या असू शकते का? एक मीटर बाजूचा चौरस आखा. त्याच्या कर्णाचा वर्ग २ येतो, म्हणजे कर्ण √२. तो अपूर्णांकात लिहिता येतो का ते पाहू. समजा √२ = अ/ब, आणि हा अपूर्णांक अतिसंक्षिप्त आहे, म्हणजे अ आणि ब यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर अ² = २ब². म्हणजे अ² सम, आणि विषमाचा वर्ग विषमच येत असल्यामुळे अ सुद्धा सम. अ = २क लिहा. मग ४क² = २ब², म्हणजे ब² = २क², म्हणजे ब सुद्धा सम. दोघेही सम, तर २ हा सामाईक विभाजक झाला. पण तो नाही असं आपण आधीच धरलं होतं. तेव्हा √२ अपूर्णांकात बसत नाही. ही सिद्धता सावकाश वाचा, लगेच पचली नाही तर दुसऱ्या दिवशी परत या. पुस्तक मिटून ती लिहिता आली की गणितात ‘सिद्ध करणं’ कशाला म्हणतात ते कळलं असं खुशाल समजा.

पाय ही संख्याही अपरिमेय. शाळेत २२/७ वापरायची सवय इतकी मुरते की पाय म्हणजेच २२/७ असं अनेकांना वाटत राहतं. २२/७ म्हणजे ३.१४२८…, आणि पाय ३.१४१५९…, दोन दशांशस्थळांपुढे वाटा वेगळ्या होतात. आर्यभटाने ४९९ मध्ये ६२८३२/२०००० म्हणजे ३.१४१६ ही किंमत दिली आणि ती ‘आसन्न’, म्हणजे जवळपासची आहे, असंही सांगून ठेवलं.

परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या. संख्यारेषेवरचा एकेक बिंदू म्हणजे एकेक वास्तव संख्या. त्यांच्यातही ऋण संख्येचं वर्गमूळ सापडत नाही, म्हणून √(−१) घेऊन संमिश्र संख्या बांधल्या. विजेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची गणितं अभियंते त्यांच्यातच करतात. सुरुवातीला नाव माहीत असलं की झालं.

तिसरी पायरी: मूळ संख्या, मसावि, लसावि

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः एवढे दोनच विभाजक, ती मूळ: २, ३, ५, ७, ११… १ ही मूळ नव्हे. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे फुटते; ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणं फार कठीण, या एका गोष्टीवर इंटरनेटवरच्या संदेशांची आणि व्यवहारांची कित्येक कुलपं उभी आहेत.

लसावि कुठे लागतो ते ओळखायची खूण: दोन गोष्टी पुन्हा एकदम कधी जुळतील? एक फेरीबोट दर १५ मिनिटांनी सुटते, दुसरी दर २० मिनिटांनी, आत्ता दोन्ही एकदम सुटल्या. पुन्हा ६० मिनिटांनी एकदम सुटतील. मसाविची खूण: दोन्हींना पुरून उरणार नाही असं मोठ्यात मोठं माप. ४८० सेंटिमीटर लांब आणि ३६० सेंटिमीटर रुंद खोलीत न कापता बसणारी मोठ्यात मोठी चौरस फरशी १२० सेंटिमीटरची. ही खूण पटली की परीक्षेतली निम्मी शाब्दिक उदाहरणं आपोआप सुटतात, कारण अडतं ते गणितापाशी नसून कोणतं गणित करायचं यापाशी.

चौथी पायरी: बीजगणित

अक्षरं आली की घाबरायला होतं. खरं तर अक्षर म्हणजे अजून न कळलेली संख्या, आणि तिला संख्येचे सगळे नियम लागू. पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, सकाळी ६ उंडे आणि ४ पोळ्या असे पाव घेतले, ५४ रुपये झाले. शेजारणीने ३ उंडे आणि ५ पोळ्या घेतल्या, ४५ रुपये. एकेकाची किंमत काय?

उंड्याची किंमत क्ष, पोळीची य.
६क्ष + ४य = ५४
३क्ष + ५य = ४५

दुसऱ्या समीकरणाची दुप्पट करा: ६क्ष + १०य = ९०. त्यातून पहिलं वजा करा: ६य = ३६, म्हणजे य = ६. ही किंमत दुसऱ्यात घाला: ३क्ष + ३० = ४५, क्ष = ५. उंडा पाच रुपये, पोळी सहा. आता पहिल्या समीकरणात घालून पडताळा: ३० + २४ = ५४. जुळलं.

इथे केलं काय, ते नीट पाहा. दोन अज्ञातांपैकी एक घालवला. समीकरण म्हणजे तराजू. दोन्ही पारड्यांत सारखंच करायचं, एकात करून दुसरं विसरायचं नाही. ‘पद पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य सुरुवातीचे दोन महिने तोंडातून काढू नका. त्याऐवजी ‘दोन्ही बाजूंतून ५ वजा केले’ असं पूर्ण लिहा. वेळ जास्त लागतो, पण चिन्हांच्या चुका कमी होतात.

यानंतर क्रम ठेवावा तो असा: घातांकांचे नियम, कंस सोडवणं, अवयव पाडणं, मग वर्गसमीकरण. अवयव पाडणं कच्चं असताना वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ करू नये.

पाचवी पायरी: भूमिती

भूमिती अंगणात शिकावी. चिऱ्यांच्या घराचा पाया आखताना गवंडी दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजतो आणि तिरकं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. ३² + ४² = ९ + १६ = २५ = ५². नेमकं सांगायचं तर तो पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास वापरतो: बाजूंचे वर्ग जुळले तर कोन काटकोन असतो. मोठ्या पायाला ६, ८, १० घेतात, चूक कमी होते. घरातल्या एखाद्या खोलीचा कोपरा असा तपासून पाहा.

दुसरा प्रयोग माडाची उंची. एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करा, सावली मोजा. समजा ८० सेंटिमीटर आली, आणि त्याच वेळी माडाची सावली १२ मीटर. काठी आणि तिची सावली यांचा त्रिकोण माडाच्या त्रिकोणाशी समरूप आहे, कारण सूर्यकिरण दोन्हीकडे एकाच कोनात येतात. उंची = १२ ÷ ०.८ = १५ मीटर. सपाट जागा निवडा, उतारावर उत्तर फसवं येतं. मे महिन्याच्या सुरुवातीला भर दुपारी हे करू नका. त्या दिवसांत गोव्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली पायाखालीच राहते.

क्षेत्रफळाबद्दल एकच गोष्ट पक्की करा: लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट झाल्या की क्षेत्रफळ चौपट होतं. एकक बदलतानाही तेच. गोव्यात भूखंड चौरस मीटरमध्ये सांगतात, सीमेपलीकडे सावंतवाडीत गुंठ्यात. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. एक फूट ०.३०४८ मीटर असला तरी एक चौरस फूट त्याच्या वर्गाइतका, ०.०९२९ चौरस मीटर भरतो. इथे चुकणारे सुशिक्षित लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

सहावी पायरी: त्रिकोणमिती आणि कलन, भरतीच्या पाण्यावर

काठीच्या प्रयोगात उंची ÷ सावली हे गुणोत्तर काढलं, तेच सूर्याच्या कोनाचं टॅन. काटकोन त्रिकोणात समोरची बाजू ÷ कर्ण म्हणजे साइन, लगतची बाजू ÷ कर्ण म्हणजे कोसाइन. ३०, ४५, ६० अंशांच्या किमती समभुज त्रिकोण आणि चौरस अर्धे कापून स्वतः काढा.

आता मांडवीच्या काठावर चला. ओहोटी पूर्ण झाल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत सुमारे सहा तास. दर्यावर्दी लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: पाणी पहिल्या तासात एकूण वाढीच्या १/१२ चढतं, दुसऱ्यात २/१२, तिसऱ्यात ३/१२, चौथ्यात ३/१२, पाचव्यात २/१२, सहाव्यात १/१२. एकूण वाढ १८० सेंटिमीटर धरली तर तासागणिक १५, ३०, ४५, ४५, ३०, १५.

हा तक्ता वहीत मांडा आणि आलेख काढा. तासाला किती सेंटिमीटर चढलं, हा झाला बदलाचा दर. सुरुवातीला दर थोडा, मध्यावर सगळ्यात जास्त, भरतीच्या टोकाला जवळजवळ शून्य. पाणी सर्वांत उंच असतं त्या क्षणी ते चढत नसतं आणि उतरतही नसतं. ‘कमाल किमतीपाशी विकलज (त्या क्षणीचा बदलाचा दर) शून्य’ हे बारावीतलं विधान हेच सांगतं. उलट दिशेने, तासागणिक वाढ बेरजेत घातली की १८० सेंटिमीटर परत मिळतात. दराकडून एकूण बदलाकडे जाणं म्हणजे संकलन. कलनाच्या, म्हणजे कॅल्क्युलसच्या, या दोन बाजू एकमेकींच्या उलट क्रिया आहेत, हे सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी पद्धतशीर मांडलं. अनंत पदांच्या बेरजेचा विचार त्याआधी केरळात गणिती माधवाच्या परंपरेत खूप पुढे गेला होता.

तासाचा दर ढोबळ. क्षणाचा दर हवा तर कालावधी लहान लहान करत जायचं. एखादी वस्तू क सेकंदांत क² मीटर जाते असं धरा. ३ सेकंदांपाशी तिचा वेग किती? ३ ते ३.१ मध्ये ती ९.६१ − ९ = ०.६१ मीटर गेली, वेळ ०.१ सेकंद, दर ६.१. ३ ते ३.०१ मध्ये दर ६.०१. ३ ते ३.००१ मध्ये ६.००१. ही किंमत ६ च्या जवळ जवळ जाते. ६ ही तिची सीमा. अवकलनाचे, म्हणजे असा क्षणाचा दर काढण्याचे, सगळे नियम या एका कृतीतून निघतात.

भरतीचा आलेख ढोबळमानाने साइनचा वक्र असतो. दोन तासांनंतर तक्त्यानुसार १५ + ३० = ४५, म्हणजे एकूण वाढीचा चौथा हिस्सा झालेला असतो. सूत्राने पाहा: सहा तास म्हणजे १८० अंश, दोन तास म्हणजे ६०, आणि (१ − कोसाइन ६०°) ÷ २ = ०.२५. अपूर्णांक, त्रिकोणमिती आणि कलन तीनही एका तक्त्यात भेटतात. खाजनाच्या बांधातल्या मानशीची दारं ज्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि उघडतात, तेच हे पाणी.

सातवी पायरी: संच, सांख्यिकी, संभाव्यता

संच थोडक्यात. वर्गात ४० मुलं. २५ फुटबॉल खेळतात, १८ क्रिकेट, ८ दोन्ही. निदान एक खेळ खेळणारे २५ + १८ − ८ = ३५, कारण ते ८ जण दोनदा मोजले गेले. काहीच न खेळणारे ५. दोन वर्तुळं काढून हे मांडलं की संयोग, छेद आणि पूरक संच कळले.

सांख्यिकीत मध्य आणि मध्यक यांतला फरक आधी शिका. पाच खोल्यांची भाडी ६,०००, ७,०००, ७,५००, ८,००० आणि किनाऱ्यावरच्या एका खोलीचं ६०,०००. सगळ्यांची बेरीज ८८,५००, म्हणून मध्य १७,७००. पण क्रमाने लावल्यावर मधली किंमत, म्हणजे मध्यक, ७,५००. पाचांपैकी एकही भाडं १७,७०० च्या आसपास नाही. ‘सरासरी’ कानावर आली की ती यांतली कोणती, हे विचारायची सवय लावून घ्या.

माहिती किती विखुरली आहे ते प्रमाण विचलन सांगतं. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचं (१९०७–१९६६). ते व्यवसायाने गणितज्ञ. प्राचीन चांदीची आहत (ठसे मारून केलेली) नाणी त्यांनी अचूक तराजूवर एकेक करून तोलली. विचार असा: टाकसाळीतून निघताना नाण्यांची वजनं जवळजवळ सारखी असतात. हातोहात फिरताना नाणी झिजतात, म्हणून जितकी वर्षं चलनात जातील तितकं सरासरी वजन घटतं. आणि प्रत्येक नाणं सारखंच झिजत नाही, म्हणून वजनांतला विखुरलेपणाही वाढतो. या दोन आकड्यांवरून कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची, याचा क्रम लावता येतो. मध्य आणि विचलन शिकवताना इतिहासाचं असं दार उघडून दाखवलं, तर कुठला विद्यार्थी मागे राहील?

संभाव्यतेसाठी मांडवीत उभ्या असलेल्या कसिनो बोटींकडे बघा. एका शून्याच्या रूलेट चाकावर ० ते ३६ अशी ३७ घरं. अंक लागला तर लावलेल्या पैशाच्या ३५ पट मिळतात आणि लावलेले परत. प्रत्येक घरावर शंभर रुपये लावा, म्हणजे एकूण ३,७००. चेंडू कुठेही पडो, तुम्हाला ३,५०० अधिक १०० मिळून ३,६०० मिळणार. दर फेरीला शंभर गेले. चाक पूर्ण प्रामाणिक असतानाही लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे कसिनो ठेवून घेतो, आणि जितक्या फेऱ्या जास्त तितका हा हिशेब पक्का होत जातो. आधीच्या दहा फेऱ्यांत लाल आलं म्हणून आता काळं येण्याची शक्यता वाढत नाही. चाकाला मागचं काही आठवत नसतं. तरुण मुलांना ही बेरीज कागदावर करून दाखवाच.

पुस्तकं आणि क्रम

बालभारतीची मराठी पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात, एनसीईआरटीची इंग्रजीही. एकाच विषयाचं प्रकरण दोन्हींत शेजारी ठेवून वाचा: आधी मराठीत समजून घ्या, मग तीच उदाहरणं इंग्रजीत सोडवा. मुलांची पाचवीतली अडचण याने बरीच हलकी होते. घरी इंटरनेट नसेल तर पणजीला पाटो इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसता येतं. आलेख आणि भूमितीसाठी जिओजेब्रा हे मोफत अ‍ॅप घ्या, पण आकृती एकदा हाताने काढल्यानंतरच.

सहावीच्या पुस्तकापासून सुरू करा, वय कितीही असो. प्रकरण संपलं की पुस्तक बंद करून त्यातलं एक ‘का’ कोऱ्या कागदावर लिहा: ऋण गुणिले ऋण धन का, १/७ आवर्ती का, √२ अपूर्णांक का नाही. लिहिता आलं नाही तर पुढचं प्रकरण उघडू नका, त्याच प्रकरणातली आणखी पाच उदाहरणं सोडवा. कलन अकरावीच्या पुस्तकात सीमेपासून सुरू होतं. कंस आणि अवयव न अडखळता सुटू लागले की तो धडा काढा.